नागलक्ष्मीचा ठाव

विमानातली जागा गेली की माझ्या बायकोला आनंद व्हायचा. अशा वेळी लोक भांडतात, फोन वर धरून व्हिडिओ काढतात, कोर्टात खेचीन म्हणतात. नागलक्ष्मी पदर खोचून पुढे व्हायची आणि म्हणायची, आम्ही थांबतो.

हे कसं सुरू झालं ते आधी सांगतो.

कुंभकोणमला आमचं भांड्यांचं दुकान आहे. पितळेचे दिवे नाचियारकोविलहून येतात, बाकीचं स्टीलचं सामान. पाटीवर माझ्या वडिलांचं नाव आहे, तुकोजी. त्यामुळे गिऱ्हाइकं मलाही तुकोजीच म्हणतात. माझं नाव कृष्णराव आहे हे घरच्यांना आणि बँकेला माहीत. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबरा ओलांडला की तमिळ. आमचे पूर्वज मराठा राजांच्या वेळी इकडे आले आणि इथलेच झाले. मुलगी कीर्ति नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिथंच तिनं लग्न केलं. तिच्या सासूबाई फार चांगल्या, पण नागलक्ष्मी बोलायला लागली की त्यांना हसू आवरायचं नाही.

"विहीणबाई, तुम्ही बोलता की पोथी वाचता?"

"पोथीच समजा," नागलक्ष्मी म्हणायची. "शेवटीं प्रसाद देतें."

कीर्तिकडे जायचं म्हणून आम्हांला विमान कळलं. कुंभकोणमहून गाडीनं चेन्नई, तिथून विमानानं पुणं. अगदी सुरुवातीच्या एका खेपेला आम्ही फलाटावर बसावं तसे चेन्नईच्या गेटपाशी बसलो होतो, तेव्हा पुकारा झाला. विमानात जागा आहेत त्याहून प्रवासी जास्त झाले आहेत, कोणी आपणहून थांबायला तयार असेल तर कृपया पुढे यावं. काही तिकीटवाले नेहमी गळतात म्हणून कंपन्या चार तिकिटं जास्तच विकतात आणि एखाद्या दिवशी सगळेच हजर होतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हां दोघांना फक्त एवढं समजलं, की माणसं जास्त आली आहेत.

नागलक्ष्मी उठली. "उठा वो," ती मला म्हणाली. "पानें कमी पडलींत."

आमच्याकडे लग्नामुंजीत, सणावारी पंगत बसते. पाहुणे जास्त झाले आणि पानं कमी पडली, की घरची माणसं न सांगता उठतात आणि दुसऱ्या पंगतीला बसतात. कोणी कोणाला विनंती करत नाही. उठला नाही त्याच्याकडे मात्र सगळे बघतात. नागलक्ष्मीला वाटलं, हे तेच. ती उठली म्हणून मी उठलो.

काउंटरवरच्या मुलीनं आमची नावं लिहून घेतली आणि एक कागद पुढे केला. पुढच्या प्रवासाचं कूपन होतं.

"हे कशाचं?" नागलक्ष्मीनं विचारलं. हे सगळं तमिळमध्ये.

"तुम्ही थांबलात म्हणून, अम्मा."

"थांबल्याची दक्षिणा? मी काय भट आहे?"

"नियमच आहे, अम्मा."

"तुमच्या घरी पाहुणे आले तर तुम्ही मागून जेवता की नाही? तेव्हा तुला कोण कूपन देतं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुकानदार माणूस. कागद घेतला आणि खिशात ठेवला. नागलक्ष्मी संध्याकाळपर्यंत मला त्यावरून बोलत होती.

पण त्या दिवशी एक गोष्ट झाली. पुढचं विमान दुपार टळल्यावर होतं. आम्ही काचेजवळच्या दोन खुर्च्यांवर बसलो. तिनं दहीभाताचे डबे काढले, तिचा एक, माझा एक. जेवण झालं. मग करायला काहीच नव्हतं. दुकान नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, दूधवाला नव्हता, गॅसवर काही ठेवलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी सकाळी दुकानात जायचो आणि ती स्वयंपाकघरात. मी जेवायला बसायचो तेव्हा ती वाढायला उभी असायची. एकमेकांच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून, काही न करता आम्ही कधी बसलोच नव्हतो. ती विमानं बघत होती. कोणतं उतरतं, कोणतं जातं, ते मला सांगत होती, जसं काही मला दिसत नव्हतं.

"दुसरी पंगत बरी असते वो," ती म्हणाली. "घाई नसते."

त्यानंतर तिला नादच लागला. जाताना असो, येताना असो, गेटवर पोचलं की ही काउंटरवर जाऊन विचारायची, "काय गं, पानं कमी आहेत का आज?" त्या मुलींना काय कळणार! त्या म्हणायच्या, "नाही अम्मा, सगळ्यांना जागा आहे." मग ही तोंड पाडून परत यायची. "आज कांहीं खरें नाहीं. निमूटपणें जावें लागणार." दर वेळी काही जमायचं नाही, पण मधून मधून जमायचं. कूपनं घ्यायलाही ती शिकली. म्हणाली, प्रसाद नाकारूं नये.

माझा पुतण्या सुंदरेश आता दुकान बघतो. तो तिला चिडवायचा. "काकी, थोड्या दिवसांनी कंपनी तुम्हांला पगारावर ठेवील. पाटी लावतील, इथे उठणारी बाई मिळेल."

"तूं बस," ती म्हणायची. "तुज उठतां येत नाहीं, म्हणून बोलतोस."

आता दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही.

गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात भजनाला आम्ही जायचो. भजनानंतर जेवण असलं की नागलक्ष्मी वाढायला उभी राहायची. आमच्या भागात लोकांना एक सवय आहे. बसमध्ये जागा धरायची तर खिडकीतून तुंडू आत टाकायचा. तुंडू म्हणजे खांद्यावरचं उपरणं म्हणा, टॉवेल म्हणा. तुंडू पडला की ती जागा धरली. पंगतीतही लोक तेच करतात. स्वतः बसतात, शेजारच्या पानासमोर तुंडू टाकतात आणि म्हणतात, माझा माणूस हात धुवायला गेला आहे. नागलक्ष्मीला हे अजिबात खपायचं नाही.

एकदा एका मोठ्या मिशीवाल्या माणसानं असाच तुंडू टाकला होता. बाजूला एक म्हातारा काठी घेऊन उभा होता. नागलक्ष्मी भाताचं पातेलं घेऊन समोर आली.

"भात कोणाला वाढू? हा तुंडू जेवणार आहे का?"

"माझा मेहुणा येतोय, अम्मा."

"येऊ दे. आला की त्याला माझ्या हातचं दुसऱ्या पंगतीत वाढीन, तूप जास्त घालून." आणि तिनं तुंडू उचलला, घडी घातली, त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हाताऱ्याला बसवलं. "माणूस उभं असताना पान रिकामं राहू नये," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. पंगत हसली. मिशीवालाही हसला.

आमच्या मराठीत बसायच्या जागेला ठाव म्हणतात. पंगतीतली असो, बसमधली असो, विमानातली असो. नागलक्ष्मी सगळ्यांना ठावच म्हणायची. ठाव देणं हे तिला श्वास घेण्यासारखं होतं.

मार्गशीर्षात ती गेली. ताप आला, अंगावर काढला, मग इस्पितळात नेलं आणि तिथून परत आणली. जास्त काही लिहायला मला जमत नाही. तिनं कोणाला त्रास दिला नाही. जायची वेळ आली तेव्हाही उठल्यासारखी गेली.

घरात मी आणि सुंदरेशचं कुटुंब. सगळे माझ्याशी हळू बोलायचे. तिचं नाव कोणी घ्यायचं नाही. "त्या असत्या तर", "त्यांना आवडायचं", असं म्हणायचे. मीही नाव घेत नव्हतो. संध्याकाळी दिवा लावायचा, दुकानात बसायचं, गल्ला सुंदरेश मोजायचा.

कीर्तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर म्हणजे आई. आई नाही तर इथे येऊन ती काय करणार? डॉक्टरही प्रवासाला नको म्हणाले. तिनं फोन केला.

"अप्पा, तुम्ही या."

"मी येऊन काय करणार गं? तुझ्या सासूबाई आहेत. मला डाळ लावता येत नाही, बाळाला धरता येत नाही."

"काही करू नका. नुसते बसा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अम्मा म्हणायची, अप्पांना विमानतळावर बसायला मी शिकवलं. खरं ना?"

"खरं."

"मग या आणि बसा," कीर्ति म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, म्हणून मी हो म्हणून टाकलं.

तिकिटाचं सुंदरेशनं दुकानातच बघितलं. मागच्या खेपेला पुण्याहून परत येताना आम्ही थांबलो होतो, त्याचं कूपन शिल्लक होतं. त्यानं फोनवर बराच वेळ वाचलं.

"काका, हे दोघांच्या नावावर एकत्र दिलंय. वापरायचं तर दोघांनी एकाच तिकिटावर जायला हवं. एकट्याला चालत नाही. जाऊ दे. मी तुमचं साधं तिकीट काढतो."

"दोघांचं काढ."

"काका."

"काढ म्हटलं ना. कूपन वाया जाईल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक बाई इडलीपात्र उलटंपालटं करून बघत होती, तिला त्यानं किंमत सांगितली. मग पुन्हा फोन हातात घेतला.

"खिडकी कोणाला?" त्यानं हळूच विचारलं.

"तिला," मी म्हणालो.

कूपन वाया जाईल हे मी उगाच म्हटलं. मला एवढंच हवं होतं, की चेन्नईपासून पुण्यापर्यंत माझ्या शेजारी, तिच्या बाजूला, कोणी परकं बसू नये. ती खिडकीत बसायची, मी मधे. कोपर टेकवायच्या दांडीवर तिचा हात असायचा. तो ठाव तेवढा रिकामा राहावा. बाकी मला काही नको होतं.

कीर्तिला सुंदरेशनं सांगितलं असावं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "अप्पा, अम्माला खिडकी घेतलीत ना?"

"घेतली."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि दुसरं काही तरी बोलायला लागली. परवा सकाळी इस्पितळात भरती व्हायचं आहे, तुम्ही उद्या संध्याकाळपर्यंत पोचाल, मग मला भीती नाही.

निघताना मी स्वतः दहीभात केला. सवयीनं डबे दोन भरले. सुंदरेशच्या बायकोनं ते पिशवीत ठेवताना पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

चेन्नईला गेटपाशी आमच्या नेहमीच्या काचेजवळ बसलो. तिच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. दोघांचे बोर्डिंग पास सुंदरेशनं आधीच काढून दिले होते, ते खिशात होते.

"तुकोजी अय्या! दिव्याचं दुकान!"

वर पाहिलं तर एक जाडजूड माणूस उभा होता, कपाळावर विभूती, दोन्ही हातांत पिशव्या आणि बगलेत पुठ्ठ्याचं खोकं. चाळिशीचा असेल.

"मी सेतू. तिरुनीलक्कुडीचा. बहिणीच्या लग्नात तुमच्याकडूनच मोठा दिवा घेतला होता. अम्मांनी त्याच्याबरोबर वाती फुकट दिल्या होत्या. आठवत नाही ना? मला आठवतंय. फुकटचं मी विसरत नाही." तो समोरच्या खुर्चीत बसला. "अम्मा कुठे आहेत? बरोबर नाहीत?"

मला नाही म्हणता आलं नाही.

"येते आहे," मी म्हणालो.

"सावकाश येऊ द्या," असं म्हणून त्यानं खोकं मांडीवर घेतलं. "बघा माझी दशा. त्याच बहिणीच्या मुलाचे उद्या सकाळी कान टोचायचे आहेत. पुण्यात. मूल कोणाच्या मांडीवर बसवतात? मामाच्या. मामा मी. दुसरा मामा नाही, आईनं केलाच नाही. आणि ह्या लोकांनी मला तिकीट दिलंय, पण जागा दिली नाही." त्यानं कागद दाखवला. जागेचा आकडा असतो तिथे काही नव्हतं. "गेटवर मिळेल म्हणाले. गेटवर विचारलं तर म्हणतात, थांबा. विमान लहान आलंय, माणसं जास्त आहेत. माझ्या आकाराकडे बघूनच ठरवलं असेल."

तेवढ्यात पुकारा झाला. आपणहून थांबायला तयार असलेल्या प्रवाशांनी पुढे यावं. पुकारा मला पाठ होता. माझे गुडघे आपोआप हलले. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. पुढे व्हावं, आम्ही थांबतो म्हणावं, परत इथेच येऊन बसावं, दोन डबे उघडावेत, विमानं बघावीत. दुसऱ्या पंगतीत नागलक्ष्मी मला सापडेल असं वाटलं. पण पुढचं विमान आता उद्याचंच होतं; आजच्या विमानात मी नसलो तर कीर्ति सकाळी माझ्यावाचून इस्पितळात जाणार होती. मला भीती नाही, असं ती म्हणाली होती. मी उठलो नाही.

दुसरंही कोणी उठलं नाही. ज्याला त्याला काम होतं. पुन्हा पुकारा झाला, तरी लोक फोनमध्ये बघत राहिले.

"बस असती ना अय्या," सेतू म्हणाला, "तर मी केव्हाच खिडकीतून तुंडू टाकला असता. ह्या विमानाला ती सोयच नाही. खिडक्या उघडत नाहीत!" आणि स्वतःच मोठ्यानं हसला.

मी हसलो नाही. माझा हात खिशावर गेला. खिशात दोन पास होते. एक माझा आणि एक तुंडू.

लोक आत जायला लागले. रांग सरली. आम्ही दोघं तिथेच, तो जागा नाही म्हणून आणि मी का ते मला सांगता येत नव्हतं. मग भोंग्यातून आवाज आला. "पुण्याला जाणारे प्रवासी कृष्णराव आणि नागलक्ष्मी, कृपया ताबडतोब गेटवर यावं."

मी ऐकत राहिलो. ती गेल्यापासून तिचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आणि आमची दोघांची नावं अशी एका दमात, एकामागून एक, देवळात संकल्पाच्या वेळी घ्यायचे तशी, तर किती दिवसांत नाही. पुन्हा आवाज आला. कृष्णराव आणि नागलक्ष्मी. मला वाटलं, आणखी एकदा म्हणू दे. मग उठतो.

सेतूला मी तुकोजी म्हणूनच माहीत. तो उभा राहून, मान उंच करून इकडेतिकडे बघत होता.

"नवरा-बायको दिसतात. म्हातारी असतील. कॉफी पीत बसली असतील कुठे तरी."

"तुला बरं," मी म्हणालो. "ती आली नाहीत तर तुला जागा मिळेल."

"असं कसं म्हणू, अय्या? त्यांचीही कोणी तरी वाट बघत असेल. येऊ देत बिचारी. आणि मला काय उपयोग? आली तर दोघं येतील, राहिली तर दोघं राहतील. नवरा आत गेला आणि बायको मागे राहिली, असं कुठे होतं का?" त्यानं खोक्याची दोरी पुन्हा आवळली. "माझी बहीण मला जन्मभर बोलणार. तिच्या नातवंडांना सांगेल, हाच तो न आलेला मामा."

मी उठलो. पिशवी उचलली. काउंटरपर्यंत दहा-बारा पावलं असतील, पण मला बाजार ओलांडून जावं तसं वाटलं.

काउंटरवर हरिणी नावाची मुलगी होती, छातीवर पाटी होती. "कृष्णराव सार? किती वेळ पुकारतेय! मॅडम कुठे आहेत?"

"तिचा ठाव त्या माणसाला दे," दोन्ही पास पुढे करत मी म्हणालो.

"काय सार?"

ठाव तिला कळेना. मी मराठीत बोललो होतो. परक्या माणसाशी मी कधी मराठी बोलत नाही. पुन्हा तमिळमध्ये सांगितलं. "तिची जागा. तो खोकेवाला उभा आहे ना, त्याला दे. तिला काही हरकत नाही."

"म्हणजे मॅडम आपणहून थांबतायत? फार उपकार झाले, सार." तिचा चेहरा खुलला. बोटं चालायला लागली. "मग त्यांच्या नावानं कूपन देते. पुढच्या प्रवासाला वापरता येईल. त्यांचा फोन नंबर सांगा."

"कूपन नको."

"नियमच आहे, सार. थांबणाऱ्याला द्यावंच लागतं."

हेच नागलक्ष्मीला कोणी तरी म्हणालं होतं. तेव्हा मी कागद घेऊन खिशात ठेवला होता.

"ती आता प्रवास करत नाही," मी म्हणालो. "मार्गशीर्षात वारली."

हे वाक्य मी तोपर्यंत कोणाला म्हटलं नव्हतं. घरच्यांना सांगायची गरज नव्हती आणि बाहेरच्यांना सुंदरेशनं सांगितलं होतं. फार लहान वाक्य होतं. तोंडातून निघेपर्यंत मला वाटत होतं, की ते मोठं असेल.

हरिणीची बोटं थांबली. तिनं नागलक्ष्मीचा पास पाहिला, मग मला पाहिलं. तिकीट का काढलंत, असं तिनं विचारलं नाही. हळूच म्हणाली, "त्यांची खिडकीची जागा आहे. खिडकीच द्यायची का त्यांना?"

"खिडकीच दे," मी म्हणालो. "तो जाड आहे, मधे मावणार नाही."

ती हसली आणि डोळे पुसले, दोन्ही एकदमच. मग भोंगा न वापरता नुसतंच ओरडली, "सेतू सार! या लवकर!"

विमानात सेतू माझ्या शेजारी आला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. खोकं वर ठेवायला जागा नव्हती, ते त्यानं पायांत कोंबलं, पट्टा लावला आणि मग माझ्याकडे वळला.

"अय्या, ही जागा... अम्मा येणार होत्या ना? माझ्यासाठी अम्मा मागे राहिल्या?"

"राहिली नाही रे. ती आधीच गेली आहे. मार्गशीर्षात." दुसऱ्यांदा म्हणायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. "मघाशी तुला येते आहे म्हटलं ते खोटं. जागा मीच धरून ठेवली होती."

विमान वर गेलं, ढग लागले, गेले. दांडीवर त्याचा जाडा हात होता. त्यानं तो उचलून मांडीवर घेतला आणि अंग चोरून बसला.

"नीट बस," मी म्हणालो. "सगळी जागा तुझीच आहे. जेवलास का?"

"सकाळपासून काही नाही. ताणच आला होता."

मी पिशवीतून दोन्ही डबे काढले. तिचा त्याला दिला. त्यानं झाकण काढलं, खिडकीकडे तोंड करून एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"एक बोलू का अय्या? राग मानू नका."

"बोल."

"मीठ नाही ह्याच्यात."

मी माझा घास घेतला. खरंच नव्हतं. भाताला घातलंच नव्हतं. मी हसायला लागलो आणि मला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबता येईना. सेतूनं खोकं उघडलं. आत मुरुक्कू होते, म्हणजे तमिळ चकल्या. भाचा मुरुक्कूविना राहिला तर राहू दे म्हणाला, आणि मुरुक्कू चुरून आम्ही तो भात संपवला. मग तो खिडकीला डोकं टेकून झोपला आणि पुण्यापर्यंत घोरला.

सामान घेताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, घाई कर, मूल वाट बघतंय. तो खोकं बगलेत मारून धावत सुटला.

जावई न्यायला आला होता. गाडीत बसल्यावर त्यानं कीर्तिला फोन लावून माझ्या हातात दिला.

"पोचलात अप्पा?"

"पोचलो."

"त्रास नाही ना झाला?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "अम्माचा ठाव... रिकामाच होता ना?"

"नाही गं," मी म्हणालो. "तिरुनीलक्कुडीचा एक मामा बसला होता. उभा होता बिचारा. दिला त्याला."

मला वाटलं, लागलं तिला. सांगायला नको होतं.

मग कीर्ति हसली. तिच्या आईसारखं, आधी नाकातून.

"म्हणजे तिनं तुंडू उचललाच," ती म्हणाली. "या आता लवकर. खुर्ची मांडून ठेवलीय. बसा."